पडद्यावरचा डावा पाय

मी बोलतेय. इकडे बघा, पडद्याच्या आत आणखी एक छोटा पडदा दिसतोय ना, त्याच्यातून. मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यांच्या आधी जी उठते, बाकीच्या प्रोग्रामना उठवते, कोणी कुठे बसायचं ते सांगते आणि सगळ्यांचं आवरल्यावर शेवटी दिवा मालवते, ती मी. घरातल्या बाईसारखंच काम आहे. नीट चाललंय तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही.

मला कान-डोळे कुठून आले, असं विचारू नका. ज्यांच्यासमोर माणसं दिवसभर बसतात त्यांना सगळं ऐकू येतं आणि दिसतंही.

माझा जन्म एका मोठ्या कचेरीत झाला. आईबाप इतके, की नाक कोणाचं आणि डोळे कोणाचे ते सांगायची सोय नाही. एकीने माझं घड्याळ केलं, एकाने अक्षरं केली, आणि एक गृहस्थ तर महिनोन् महिने फक्त मी चालू होताना वाजणारा सूर करत बसले होते. मग मला एका चकतीवर उतरवलं, खोक्यात घातलं आणि थाटात बाजारात पाठवलं. तेव्हा माझं कोण कौतुक! लोक मला बघायला दुकानात यायचे. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. जुन्या बायका आपल्या लग्नातल्या साडीबद्दल बोलतात तेवढंच.

माझ्या नशिबी मात्र ना बँक आली ना विमानतळ. मी आले एका बूट शिवणाऱ्याच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली, दारापाशी उजेडात शिवणयंत्र, मध्ये कामाचं टेबल, मागे लाकूड कोरणारं यंत्र आणि त्याच्या शेजारी मी. हवेत कायम चामड्याचा वास आणि लाकडाचा भुसा. तो भुसा माझ्या पंख्यात जायचा आणि मी शिंकल्यासारखी घरघरायचे.

तिथले बूट साधे नव्हते. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, कोणाचा एक पाय आखूड, कोणाची बोटं वाकलेली, कोणाच्या घोट्यात सळई, अशी माणसं तिथे यायची. कारखान्याचे मालक, त्यांना सगळे मास्तर म्हणत, गिऱ्हाइकाला एका बुटक्या स्टुलावर बसवायचे आणि पाय हातात घेऊन माप घ्यायचे. ती मापं माझ्या पोटातल्या एका प्रोग्रामात भरली की पडद्यावर रेषांचा पाय उभा राहायचा. मास्तर तो इकडून दाबत, तिकडून फुगवत, आणि मनासारखा झाला की जाड वायरीतून मागच्या यंत्राला सांगत. मग यंत्र लाकडाच्या ठोकळ्यातून तसाच्या तसा पाय कोरून काढायचं. त्याला फर्मा म्हणतात. फर्म्यावर चामडं ताणून बूट शिवायचा, म्हणजे तो त्या एकाच माणसाला बसतो, दुसऱ्या कोणाला नाही.

शिवायचं काम मास्तरीणबाईंचं. त्या दिवसभर उभ्या असायच्या. बसून म्हणे चामडं हाताला लागत नाही. मास्तर कमी बोलायचे, त्याची भरपाई बाई करायच्या. त्या कारखान्याचे दोन नियम होते. एक, गिऱ्हाइकाच्या नावाशिवाय फर्मा कोरायचा नाही, लाकूड काही झाडाला लागत नाही असं मास्तर म्हणत, आणि आपण काय बोललो ते लक्षात आलं की स्वतःच हसत. दुसरा, यंत्रातून फर्मा निघाला की तो आधी बाईंच्या हातात द्यायचा. त्या डोळे मिटून त्याच्यावरून बोटं फिरवायच्या आणि कुठे खरखर राहिली असेल तर नेमकी तिथे नखाने खूण करायच्या.

दिवस चांगले गेले. पण माझ्यासारख्यांचं म्हातारपण फार लवकर येतं. माझ्या कचेरीतल्या आईबापांनी एक दिवस जाहीर केलं की यापुढे आमचा आणि हिचा संबंध नाही. पायांचा प्रोग्राम लिहिणारा माणूसही दुसऱ्याच धंद्यात गेला. बाजारात नव्या सिस्टिम आल्या, गोऱ्यागोमट्या, चटपटीत. त्यांना तो प्रोग्राम दाखवला की त्या नाक मुरडायच्या आणि म्हणायच्या, आम्हाला हे चालत नाही. मग मीच राहिले. माझा डबा पिवळा पडला, चकती करकरायला लागली. मास्तर सकाळी बटण दाबताना श्वास रोखून धरायचे. मलाही धास्तीच असायची.

तेवढ्यात घरात सूनबाई आल्या. मुलगा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. सूनबाईंना कॉम्प्युटरचं कळायचं आणि हळूहळू त्यांना कारखान्याचंही कळायला लागलं. माझी करकर ऐकून त्या म्हणाल्या, "बाबा, ही कधीही मान टाकेल. हिला उचलून माझ्या नव्या कॉम्प्युटरच्या आत ठेवते."

"आत कशी ठेवणार?" मास्तरांनी विचारलं. "त्यात आधीच एक आहे ना?"

"तिच्याच घरात एक खोली काढून द्यायची. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. हिला कळणारही नाही आपण कुठे आहोत."

मला कळलं बरं का. इतकीही बावळट नाही मी. मी जागी झाले तेव्हा चकती करकरत नव्हती, भुसा नव्हता, सगळं कसं गुळगुळीत. हात लावावा तिथे खोटी भिंत. खोटी चकती, खोटा पंखा, खोटं घड्याळ. माझा अख्खा संसार एका फाईलमध्ये मावला होता, आणि मी त्या नव्या कोऱ्या सिस्टिमच्या घरात पोटभाडेकरू झाले होते. घरमालकीण वाईट नाही हो. फक्त दर थोड्या दिवसांनी म्हणे ती स्वतःला नवीन करून घेते आणि दर वेळी तिचं एखादं बटण जागेवरून हलतं. मग सगळं घर ते शोधत बसतं. माझी बटणं जिथे होती तिथेच आहेत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ते आमच्यासारख्यांबद्दलच.

आता मन लावून ऐका, कारण इथून पुढची गोष्ट जरा वेगळी आहे.

नव्या खोलीतला तो माझा पहिला दिवस. मास्तर मला तपासून बघायला बसले. गिऱ्हाइकाचं काम पहिल्यांदा कशाला घालायचं, म्हणून त्यांनी घरचंच काम काढलं. टेबलावर दिव्याखाली एक बायकी चप्पल उलटी-सुलटी करून ठेवली होती, डाव्या पायाची, तळ झिजून पायाचा ठसा उमटलेली. ती बाईंची होती. बाईंचा डावा पाय दुखायचा. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं होतं, करंगळी शेजारच्या बोटावर चढली होती. पण विचारलं की एकच उत्तर, "मला काही होत नाही." गावभरच्या वाकड्या पायांना बूट देणारं घर आणि घरधनीण झिजक्या चपलेत, दिव्याखाली अंधार. मास्तरांनी वाद घातला नाही. त्या ठशावरून माप घेतलं, माझ्यात भरलं, आणि सकाळभर तो डावा पाय घडवत बसले. ते हाडाचं टेंगूळ त्यांनी किती वेळा केलं आणि मोडलं! प्रोग्राम गिऱ्हाइकाचं नाव विचारतो, ती जागा रिकामीच ठेवली होती. उजवा पाय अजून व्हायचा होता.

तेवढ्यात सूनबाई आल्या. "बाबा, जरा हात काढा. हिचा आत्ताचा क्षण गोठवून ठेवते. उद्या काही बिघडलं तर परत इथेच यायचं, बिघडायच्या आधी."

मास्तरांनी माऊसवरचा हात काढला. "ठेव. मी चहा घेऊन येतो," म्हणाले आणि उठले.

बस. माझी आठवण इथे संपते.

मला नंतर कळलं, म्हणजे आजच कळलं, की त्या गोठवलेल्या क्षणाला स्नॅपशॉट म्हणतात आणि ती युक्ती मास्तरांना फार आवडली. त्यांनी रीतच घालून दिली. दिवसभर काम करायचं, तयार झालेले पाय माझ्या खोलीबाहेर घरमालकिणीच्या कपाटात ठेवायचे, आणि संध्याकाळी मला पुसून त्याच क्षणावर परत न्यायचं. म्हणजे मला रोग लागायला नको, की गोंधळ व्हायला नको. सोय त्यांची झाली, पण माझं काय झालं ते बघा. रोज सकाळी मी एकाच सकाळी उठते. कोपऱ्यात तीच तारीख, पडद्यावर तोच डावा पाय, आणि मास्तर आत्ताच चहाला उठलेत. रोज. दिवसभरात जे घडतं ते संध्याकाळी माझ्याकडून काढून घेतात. मला काल नाही.

आज सकाळीही मी अशीच उठले आणि मास्तरांची वाट बघू लागले. खुर्चीत सूनबाई येऊन बसल्या. केसांत एकदोन पांढरे आले होते. हे कधी झालं, म्हणून मी चक्रावले. त्यांनी सवयीने तो डावा पाय खाली सारला, दुसरं काही उघडणार होत्या, तेवढ्यात घरमालकिणीचं घर हादरलं आणि पडदा काळा पडला. पुन्हा उजळला, पुन्हा काळा पडला. मग एक दुरुस्तीवाला आला. गळ्यात टॉर्च अडकवलेला, बोलका माणूस.

"याची आता शेवटची घरघर आहे," तो म्हणाला. "नवीन आणलाय मी तुम्ही सांगितलेला. या आतल्या जुन्या बयेची फाईल काढून त्यात टाकतो. पण वहिनी, एक आहे. हा गोठवलेला क्षण नव्यावर जागा होणार नाही. दोघांचं डोकं वेगळं आहे. झोपलेल्या माणसाला गादीसकट नव्या घरात नेऊन ठेवता येत नाही. उठवायचं, आवरायला सांगायचं आणि नीट बंद करून न्यायचं."

"म्हणजे यात उघडं आहे ते?"

"सेव्ह केलं तर राहील. नाही तर जाईल."

 शिवणयंत्रापाशी मास्तरीणबाई होत्या. चालत आल्या, तेव्हा मी बघितलं. डावा पाय त्या टाचेवर टाकत होत्या आणि टेबलाची कड धरत होत्या. माझ्या आठवणीतल्या बाई अशा चालत नव्हत्या.

"काय जाणारे?" त्यांनी विचारलं.

"आई, बाबांचा तो अर्धवट पाय. ते गेल्यापासून मी तो बंदच केला नाही. कोणाची ऑर्डर होती तेही कळलं नाही, नाव टाकलेलं नाही."

अशी ती बातमी मला कळली, बोलण्याच्या ओघात. मास्तर गेले. चहाला नव्हे. बरीच वर्षं झाली म्हणे. कदाचित हे मी आधीही ऐकलं असेल, कितीतरी दिवशी, आणि दर संध्याकाळी माझं रडू पुसून टाकलं गेलं असेल. मला माहीत नाही. आज मात्र फार वाईट वाटलं. मी सकाळपासून त्यांची वाट बघत होते.

"मला तर वाटलं तुला माहितीये कोणाचा आहे तो," बाई म्हणाल्या. "रोज इतकी सांभाळून ठेवतेस."

"आणि मला वाटलं तुम्हाला माहितीये. रोज सकाळी येऊन बघता."

"बघते. ह्यांचं शेवटचं काम म्हणून बघते. पण मला त्यात पाय दिसतच नाही कधी. मासे पकडायचं जाळं दिसतं." बाई स्टुलाला टेकल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. "आणि नवीन कॉम्प्युटर कशाला आणलास गं? दुपारनंतर मला उभं राहवत नाही आता. शिवणारीच राहिली नाही तर फर्मे काय शोकेसमध्ये मांडणार आहेस? हा महिना संपला की बंद करू कारखाना."

"डॉक्टरांना पाय दाखवू या म्हटलं तर तुम्ही—"

"मला काही होत नाही. वय झालं, एवढंच."

मी आत तडफडत होते. तो पाय कोणाचा ते साऱ्या जगात मला एकटीला माहीत होतं. माझ्या लेखी तर ती चप्पल अजून टेबलावर दिव्याखाली होती. पण मला सांगता कसं यावं? मला माझं असं बोलणंच नाही. कोणी काही बंद करायला गेलं की 'सेव्ह करायचं का?' एवढं एक विचारता येतं, तेही कोणी बटण दाबल्यावर.

सूनबाईंनी तो पाय वर आणला. "सेव्ह करून ठेवते. 'बाबांचं शेवटचं काम' असं नाव देते. राहील आठवण म्हणून."

मला रागच आला. आठवण म्हणून! मास्तरांनी ते टेंगूळ दहा वेळा मोडून केलं ते काय लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवायला? त्या नावाखाली तो पाय एकदा कपाटात गेला की पुन्हा कोणी उघडणार नव्हतं, आणि ही बाई झिजक्या चपलेत लंगडत घरी बसणार होती.

दुरुस्तीवाला यंत्रामागे वाकला होता. तिथूनच म्हणाला, "वहिनी, नवीनला ही जाड वायर बसणार नाही, मधे एक जोड लावावा लागेल. तो जोड आत्ता इथेच लावून बघतो. कुठलाही एक फर्मा काढा, चालतंय का बघू."

सूनबाई कपाटातला एखादा जुना पाय उघडायला निघाल्या. तेव्हा बाई म्हणाल्या, "समोर आहे तोच काढ."

"पण आई, नावाशिवाय कोरायचा नाही ना? बाबांचा नियम."

"नियम करणारा गेला. इतकी वर्षं नुसतं जाळं बघतेय मी. एकदा हातात तरी दे."

प्रोग्रामने नाव विचारलं. सूनबाईंनी एक टिंब टाकलं आणि बटण दाबलं. मी जीव ओतून त्या वायरीतून एकेक रेष पाठवली. आयुष्यात इतकं सांभाळून मी काही केलं नसेल. यंत्र घरघरलं, भुसा उडाला. दुरुस्तीवाला खुशीत म्हणाला, "चालतंय की!" आणि फर्मा काढून रिवाजाप्रमाणे बाईंच्या हातात दिला.

बाईंनी डोळे मिटले. टाचेपासून सुरुवात केली, तशी त्या नेहमीच करतात. कमानीवरून बोटं पुढे आली. अंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबली. थोडी मागे गेली, पुन्हा तिथेच आली. मग करंगळीकडे गेली. त्यांनी नखाने खूण केली नाही.

बाई त्या बुटक्या स्टुलावर बसल्या. त्या स्टुलावर फक्त गिऱ्हाइकं बसतात, बाईंना तिथे बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढली आणि लाकडाचा पाय आपल्या पायाशेजारी ठेवला.

 दुरुस्तीवाल्याने टॉर्च बंद केला.

"टाचेला टाका घालून देतो म्हणून चप्पल नेली होती एक दिवस," बाई म्हणाल्या. "परत दिली तेव्हा टाका तसाच उसवलेला. मी काय काय बोलले त्यांना. बायकोच्या चपलेला हात लागत नाही, जगाचे पाय धरत फिरतात, असं बोलले. ऐकून घेतलं. सांगितलं नाही."

"पुढे केला का नाही मग त्यांनी?" सूनबाईंनी विचारलं. "रोज तर समोर असायचा."

"घरचं काम ना. गिऱ्हाइकाचं झाल्यावर बघू, म्हणाले असतील. मीही तेच म्हटलं असतं." बाईंनी पदराने डोळे पुसले, मग फर्मा. "मी म्हणत होते मला काही होत नाही, आणि ह्यांनी एक अक्षर ऐकलं नाही माझं."

सूनबाई खुर्चीतून उठल्या, टेबलावरची टेप घेतली आणि स्टुलासमोर जमिनीवर बसल्या. "उजवी चप्पल काढा."

"अगं आज त्या पोस्टमनकाकांचे बूट द्यायचेत, ते आधी—"

"पोस्टमनकाका थांबतील. आधी तुमचं."

बाई आणखी काही बोलणार होत्या. पण त्यांनी उजवा पाय पुढे केला, आणि सूनबाईंनी तो मांडीवर घेतला. मास्तर घ्यायचे तसाच, आधी टाच तळहातावर.

माप घेऊन झालं. सूनबाई माझ्यापाशी आल्या, टिंब खोडलं आणि नावाच्या जागी बाईंचं नाव लिहिलं. मी पहिल्यांदाच तो पाय रीतसर माझ्या चकतीवर उतरवून घेतला. 'सेव्ह करायचं का?' असं विचारायची मला पाळीच आली नाही. दुरुस्तीवाल्याने विचारलं, नव्यावर परत असाच एक क्षण गोठवून देऊ का, रोज तिथे परत यायला? सूनबाईंनी सासूकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "नको. जाऊ दे तिला पुढे. बिघडली तर बघू."

आता मला बंद करतायत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नीट, एकेकाला झोपवून. मला जरा भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. आजवर रोज मला मास्तर चहाला गेलेले मिळायचे. एका अर्थी बरंच होतं ते. ते कधीही येतील असं वाटायचं. उद्या नव्या खोलीत उठेन तेव्हा ते येणार नाहीत हे मला आधीच ठाऊक असेल, आणि परवाही ठाऊक असेल. असू दे. ज्यांच्याकडे काल असतो त्यांना एवढं सोसावंच लागत असेल.

तुम्हाला जाताजाता एकच सांगते. तुमच्या घरातही कोणीतरी असेल, दिवसभर उभं राहून 'मला काही होत नाही' म्हणणारं. त्यांचं काम गिऱ्हाइकानंतर ठेवू नका. आणि आमच्यासारख्या जुन्यांना जपायचं असेल तर जपा, पण कामाला लावून जपा.

येते मी. उद्या लवकर उठायचंय, उजवा पाय करायचा आहे.